आधी बटण सोड!

मोठ्या थीम पार्कमध्ये दिवसभरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य म्हणजे "कुठे आहात?" आणि त्याला मिळणारं ठरलेलं उत्तर "इथेच आहोत." उत्तर देणारा अगदी खरं बोलत असतो, तरी विचारणाऱ्याला काडीचा उपयोग होत नाही. मग पुढचा प्रश्न, "इथेच म्हणजे कुठे?" आणि त्याचं उत्तर, "अरे त्या किल्ल्यासमोर!" आता हा किल्ला मुळात बांधलेलाच असतो सगळीकडून दिसावा म्हणून. 1955 साली उघडलेल्या डिस्नीलँडची आखणीच तशी आहे, मधे एक चौक, चौकातून चारी बाजूंना रस्ते, आणि लांबूनही नजर खेचून घेईल असा किल्ला. जी गोष्ट सगळीकडून दिसते तिच्यासमोर एका वेळी पार्कातली निम्मी माणसं उभी असतात, आणि पत्ता म्हणून ती तद्दन निकामी. म्हणून आम्ही पार्कात वॉकीटॉकी घेऊन जातो.

आठ-दहा जणांचा गोतावळा घेऊन गेलं की अर्ध्या तासात फाटे फुटतात. दोघांना रोलर कोस्टरच हवा, धाकट्याची उंची दोन बोटं कमी पडते म्हणून तो रुसलेला, त्याची समजूत काढायला आई मागे राहिलेली, आजीला सावलीतला बाक हवाय, आणि काका पाणी आणायला म्हणून गेलेत ते गेलेतच. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक तर सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं, म्हणजे एकाच्या बुटाची लेस सुटली की दहा जण थांबणार. नाहीतर पांगायचं आणि उरलेला दिवस एकमेकांना शोधण्यात घालवायचा.

फोन असतोच की प्रत्येकाच्या खिशात, हे कुणीतरी म्हणतंच आणि ते बरोबरही आहे. पण एकाच टॉवरवर हजारो फोन एका वेळी लोंबकळायला लागले, त्यातही परेड किंवा आतषबाजी सुरू झाली आणि सगळ्यांनी एकदमच व्हिडिओ पाठवायला घेतले, की "आम्ही लाइनला लागलोय, पटकन या" हा मेसेज तुम्हाला पोचतो तेव्हा ती मंडळी राइडमध्ये बसून, किंचाळून, उतरून चालायलाही लागलेली असतात. शिवाय तिकिटं फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, कुठल्या राइडला किती वेळ थांबावं लागेल ते फोनमध्ये, फोटो तर विचारूच नका, म्हणजे दुपार कलेपर्यंत बॅटरी लाल. आणि फोन लागला तरी तो एकाला लागतो. त्याने ऐकायचं, मग बाकीच्यांना सांगायचं, त्यातला एक जण हमखास म्हणणार "मला कुणी सांगितलंच नाही."

वॉकीटॉकीचं मला आवडतं ते इथे. तिला टॉवर लागत नाही, नंबर लावायला नको, कुणी उचलायला नको. बटण दाबून बोललं की त्या चॅनलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. एकत्र कुटुंबाच्या घरात माजघरात बोललेलं ओसरीवर ऐकू येतं ना, तसं. "आम्ही बोटीच्या राइडच्या एक्झिटला आहोत" हे एकदाच सांगायचं, आजीला कळलं, काकांना कळलं, रुसलेल्या धाकट्यालाही कळलं, विषय संपला.

लोकांना वाटतं की हे यंत्र हरवलेल्याला शोधायला आहे. माझं मत उलटं आहे, ते माणसांना बिनधास्त पांगू द्यायला आहे. ज्याला जिथे जायचंय तिथे तो जातो आणि मागे राहिलेला घड्याळाकडे बघत बसत नाही, कारण कमरेला लावलेल्या सेटमधून अधूनमधून खर्रर्र होऊन कुणाचा तरी आवाज येत असतो. बऱ्याचदा त्यात सांगण्यासारखं काही नसतंच. "इथे लाइन खूप आहे." "बरं." एवढंच, पण तेवढं पुरतं.

बोलायची पद्धत मात्र नव्याने शिकावी लागते. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात (आमच्याकडे चौघंही बोलतात), इथे मात्र बटण दाबलं की तुमचा सेट फक्त बोलतो आणि सोडलं की फक्त ऐकतो. हे मावशीला पटवताना सगळ्यांचा घाम निघाला. मावशी बटण दाबणार, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का गं?" म्हणणार आणि बटण तसंच दाबून धरून उत्तराची वाट बघणार. तिकडून भाची जीव तोडून ओरडतेय, "मावशी, बटण सोड! आधी बटण सोड!" पण मावशीच्या सेटला ते ऐकूच येत नाही, कारण बटण दाबलेलं आहे. आणि नुसतं तेवढंच नाही, तोवर बाकीच्यांच्या सेटवर मावशीचाच संसार चालू, पर्सची चेन, बाजूच्या बाईशी "अहो, ही लाइन कसली?", मग एक दीर्घ सुस्कारा, मग "मेलं हे बंदच पडलंय वाटतं."

दुसरी गंमत पहिल्या शब्दाची. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिलं अक्षर खाल्लं जातं, सेटला बोलत्या बाजूवर यायला आणि समोरच्या सेटला जागं व्हायला क्षणभर लागतो. त्यामुळे "नको" म्हटलेलं पलीकडे नुसतं "को" असं पोचतं आणि "नका येऊ" चं तर "येऊ" होतं, म्हणजे थेट उलटा अर्थ. दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. पोरांना हे पहिल्या पाच मिनिटांत जमतं, वर ती प्रत्येक वाक्याला "ओव्हर" लावतात, आणि खरं तर तेच बरोबर असतं, कारण त्याने बोलणं संपलं हे कळतं. मोठ्यांना मात्र "ओव्हर" म्हणायची उगाच लाज वाटते.

हे खेळणं नावारूपाला आलं ते युद्धात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे मोटोरोलाने बनवलेला एससीआर-536 नावाचा हातात धरायचा सेट होता, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आणि अँटेना बाहेर ओढली की तो चालू व्हायचा. पाठीवर बांधायचा एससीआर-300 तर त्याच्या कितीतरी पट जड. आता तळहाताएवढ्या सेटवरून पोरं विचारतात, "आईस्क्रीम घेऊ का? ओव्हर." घरगुती वापरासाठी वेगळी सोयसुद्धा झाली, अमेरिकेत 1996 मध्ये फॅमिली रेडिओ सर्व्हिस आली, लायसन्स नको, परीक्षा नको, आज तिच्यात 22 चॅनल आहेत. युरोपात याच कामासाठी 446 मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, 16 चॅनल आणि पॉवर अर्धा वॉट. एकीकडचे सेट दुसरीकडे नेऊन वापरायचे मात्र नाहीत, तिथे त्या फ्रिक्वेन्सीवर भलत्याच कुणाचं काम चालू असू शकतं. ज्या देशात जाताय तिथला नियम बघून घ्या आणि पुढे चला.

बॉक्सवर लिहिलेल्या रेंजबद्दल बोलायलाच हवं. 35 मैल! म्हणजे 56 किलोमीटर. आता साधं गणित करा. कानाच्या उंचीवर सेट धरून दोन माणसं अगदी सपाट मैदानात उभी राहिली, मधे झाड नाही, घर नाही, तरी पृथ्वी गोल असल्याने 10 किलोमीटरच्या आसपास एकमेकांची क्षितिजं संपतात. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, जमिनीला चिकटून वळत वळत जायचं काम त्यांचं नाही. 35 मैल मिळायला एकाने डोंगरावर आणि दुसऱ्याने खाली उघड्यावर उभं राहायला हवं. पार्कात तर काँक्रीटच्या गुहा, लोखंडी सांगाडे आणि माणसंच माणसं, माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, तोही लहरी पितो. तिथे एक-दीड किलोमीटर धड मिळालं तरी समाधान मानावं, आणि अंधाऱ्या इनडोअर राइडमध्ये शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत आपला नाही असं समजावं. ऐकू येत नसेल तर सेट कमरेवरून काढून तोंडासमोर उभा धरा, अँटेना वर, आणि भिंतीच्या आडून दोन पावलं बाहेर या. व्हॉल्यूम वाढवून काहीही होत नाही, फक्त खरखर मोठी होते.

उंचीचा महिमा काय असतो ते आजीमुळे कळलं. आजीला उलट्यासुलट्या राइड नकोत, पण मोठा आकाशपाळणा चालतो, तो कसा सावकाश फिरतो. तिच्या हातात सेट दिला होता. खाली असताना तिचं बोलणं तुटक तुटक यायचं, केबिन वर वर जाईल तसा आवाज स्वच्छ होत गेला आणि अगदी माथ्यावर पोचल्यावर असं वाटलं की ती शेजारी उभी राहून बोलतेय. आणि ती बोलतच होती! "तुम्ही उभे आहात तिथे गर्दी आहे रे, डावीकडच्या पाण्याच्या राइडला कुणी नाहीये." मग "तुझे काका दिसतायत बहुतेक, निळी टोपी, चुकीच्या बाजूला चाललेत." काकांचा सेट चालू होता. काकांनी सेटवरच उत्तर दिलं, "मी चुकीच्या बाजूला नाहीये, मी मुद्दाम चाललोय," आणि तेवढ्यात आजीची केबिन खाली उतरायला लागली, खर्रर्र, पुढचं काही कळलं नाही. पुढच्या फेरीला मात्र सगळे आपापल्या जागी थांबून आजी कधी वर जातेय याची वाट बघत होते. कंट्रोल रूमच ती.

आता प्रायव्हसी कोड. सेटवर चॅनलच्या पुढे छोटा आकडा असतो, 1 ते 38 वगैरे, आणि लोकांना वाटतं की तो लावला म्हणजे आपलं बोलणं कुणाला कळत नाही. असं काही नसतं हो. तुमच्या आवाजाबरोबर एक खालचा सूर जातो, कानाला सहसा जाणवतही नाही असा, आणि समोरच्या सेटने तो सूर ओळखला तरच तो तोंड उघडतो. म्हणजे कोड लावून तुम्ही दुसऱ्यांना ऐकण्यापासून वाचता, दुसरे तुम्हाला ऐकण्यापासून वाचत नाहीत. ज्याने कोडच लावलेला नाही त्याला तुमचं सगळं ऐकू येतं, कोण दमलंय, कुणाचं पोट बिघडलंय, हॉटेलची किल्ली कुणाकडे आहे. शेवटचं तर बोलूच नये, आणि पोराचं पूर्ण नाव आणि "तो एकटाच उभा आहे" हे एका वाक्यात कधीच नाही. शिवाय त्याच चॅनलवर दुसरं कुटुंब दुसऱ्या कोडने बोलत असेल तर तुम्हाला चॅनल रिकामा वाटतो, तुम्ही बोलायला जाता आणि दोघांची टक्कर होते, ज्याचा सिग्नल जोरात तो जिंकतो. त्यामुळे बॉक्समधून काढल्यावर चॅनल 1 वर राहू नका, आळशी लोक सगळे तिथेच असतात.

आगंतुक पाहुणे तरीही येतातच. मधेच कुठल्यातरी पोराचा आवाज, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत, मग आमची पोरं त्याला मराठीत "हॅलो, तू कोण?" आणि तो पलीकडून खिदळतोय. चालतं हे. फार झालं तर चॅनल बदलायचा, पण बदलतोय हे आधी सगळ्यांना सांगून आणि सगळ्यांचं "हो" ऐकून, नाहीतर मावशी जुन्याच चॅनलवर त्या पोराशी बोलत बसते.

आवाजाने आपोआप चालू होणारी सोय, व्हॉक्स म्हणतात ती, पार्कात बंद ठेवावी हे वेगळं सांगायला नको. भाच्याने ती चालू ठेवून सेट चेनच्या खिशात टाकला आणि कोस्टरमध्ये बसला. पहिल्या उतारापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत अख्ख्या खानदानाने त्या किंकाळ्या ऐकल्या, त्यात एक "आई गं" इतकी आर्त होती की त्याची आई बाकावरून उठून उभीच राहिली. हो, आणि सेट हातात घेऊन राइडवर बसू नका, बऱ्याच ठिकाणी सुट्या वस्तू लॉकरमध्येच ठेवायला लावतात आणि ते योग्यच आहे, वरून निसटलेला सेट खालच्या माणसाच्या डोक्यात बसला तर काय होईल सांगायला नको.

याची दुसरी बाजूही आहे, लाइनमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या घरातली चर्चा तासभर ऐकायची हौस नसते. छोटा इअरफोन लावावा, शो चालू असताना आवाज बंद. आणि लहान मूल खरंच दिसेनासं झालं तर सेटवर हाका मारत बसण्याआधी जवळच्या कर्मचाऱ्याला गाठा, त्यांचे स्वतःचे रेडिओ असतात, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, आणि त्यांची माणसं पार्कभर असतात. मुलाच्या मनगटावर पेनने लिहिलेला फोन नंबर कुठल्याही सेटपेक्षा भरवशाचा, त्याला बॅटरी लागत नाही.

बाकी खरेदी करताना एकच बघते मी, की-लॉक आहे ना. नाहीतर पर्समध्ये बटणं दाबली जातात, चॅनल आपोआप बदलतो आणि माणूस दुपारभर "कुणी बोलतच नाही माझ्याशी" म्हणून फुगून बसतो. आणि मावशी-आत्यांना ज्या खास गप्पा मारायच्या असतात, सुनेबद्दल वगैरे, त्या प्रत्यक्ष बाकावर बसून माराव्यात, कारण गेल्या खेपेला सूनबाईंनी अगदी शांत आवाजात "मी ऐकतेय, ओव्हर" म्हटलं होतं.