तरंगणारं पोलाद

पोलाद पाण्यावर तरंगतं, असं एका गाजलेल्या कादंबरीत छापलेलं आहे. दीडशे वर्षं झाली, तरी त्या भाषांतराच्या प्रती अजून निघतात. कादंबरी ज्यूल व्हर्नची, समुद्राखालच्या वीस हजार लीगांच्या प्रवासाची, १८६९-७० मधली. चूक मात्र व्हर्नची नाही. कॅप्टन नेमो आपल्या ‘नॉटिलस’ पाणबुडीचा हिशेब प्रोफेसर आरोनाक्सला समजावून सांगतो, तिथे मूळ फ्रेंचमध्ये पोलादी पत्र्याची घनता पाण्याच्या तुलनेत ‘सात, आठ दशांश’ दिली आहे. फ्रेंचमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो, म्हणजे हे झाले ७.८. जळगावच्या एमआयडीसीत पत्रा तोलून देणाऱ्याला विचारा, एक मीटर बाय एक मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा किती भरतो? तो काट्याकडे न बघता सांगेल, पावणेआठ-आठ किलो. तोच हा आकडा. लुईस पेज मर्सियर या इंग्रज भाषांतरकाराला मात्र त्या स्वल्पविरामात ‘ते’ दिसलं आणि त्याने लिहून टाकलं, पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट. म्हणजे सागवानाच्या आसपास. असली पाणबुडी बुडवायची तर वर दगड रचावे लागतील.

विज्ञानकथा मूळ भाषेत आणि भाषांतरात शेजारी ठेवून पुन्हा वाचण्याची गंमत ती ही. कवितेच्या भाषांतरात काय निसटलं यावर रात्रभर वाद घालता येतो. इथे वजनकाटा ठेवलेला असतो.

यासाठी फ्रेंच पक्कं यायला हवं असं नाही. मूळ पुस्तक स्वामित्वहक्कातून केव्हाच सुटलंय, इंटरनेटवर फुकट मिळतं. कादंबरीचे दोन भाग. पहिल्यात २४ प्रकरणं, दुसऱ्यात २३. रोज एक धरलं तर दीड महिन्याचं काम. आधी प्रकरण भाषांतरात सलग वाचून घ्यायचं, पेन्सिल हातात न घेता. वाक्याला वाक्य लावत बसलं की गोष्ट मरते आणि तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटतं. मग मूळ प्रकरण उघडून त्यात फक्त आकडे, मापं आणि विशेषनामं हुडकायची. भाषा कच्ची असली तरी एवढं डोळ्याला दिसतं. वहीला दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करायचे: मूळ, इंग्रजी, मराठी. संक्षिप्त मराठी आवृत्तीत प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा क्रमांक सोडून ठिकाण धरायचं, सिलोन, लाल समुद्र, दक्षिण ध्रुव असं. आकड्यांत एक सापळा आहे. फ्रेंचमध्ये ८० म्हणजे ‘चार-वीस’ आणि ९० म्हणजे ‘चार-वीस-दहा’. ज्यांनी आजीला ‘चार इसा’ म्हणत गोवऱ्या मोजताना ऐकलंय, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

रकाने भरू लागले की भाषांतरकार दिसायला लागतो. नॉटिलसची लांबी मूळात ७० मीटर. इंग्रजीत २३२ फूट. खरं तर २३० भरायला हवेत, पण दोन फुटांसाठी कुणी भांडू नये. रुंदी ८ मीटरचे २६ फूट, बरोबर. पुढे आकारमान येतं १५०० घनमीटर, आणि इंग्रजीत ते होतं १५०० घनयार्ड. आकडा तोच, माप बदललेलं! एका घनमीटरात १.३ घनयार्ड मावतात, म्हणजे १९६० च्या आसपास यायला हवे होते. क्षेत्रफळाचं तर विचारूच नका. १०११ चौरस मीटरचे जवळजवळ १०,९०० चौरस फूट व्हायचे, तिथे ६,०३२ छापलेत. हा आकडा कुठून आला याचा कितीही उलटसुलट गुणाकार करा, पत्ता लागत नाही.

शीर्षकातल्या लीगचंही असंच. व्हर्नची लीग चार किलोमीटरची, म्हणून २०,००० लीग म्हणजे ८०,००० किलोमीटर, विषुववृत्ताभोवती दोन फेऱ्या. हे अंतर आहे, खोली नाही. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आत. एवढं खोल कोण जाणार? मराठीत लीगचा ‘कोस’ केला तर कानाला गोड लागतो. पण कोस सव्वातीन किलोमीटरच्या आत-बाहेरचा. हिशेबातले पंधरा-सोळा हजार किलोमीटर तिथेच बुडतात. शिवाय कोस ही पायांनी मोजायची गोष्ट. लीगच ठेवावी आणि पहिल्या पानावर एका ओळीत तिचं माप सांगून मोकळं व्हावं.

शब्दांची फसगत आकड्यांपेक्षा मजेदार. समुद्राच्या तळावर चालायला नेमोची माणसं जो पोशाख घालतात, त्याला फ्रेंचमध्ये ‘स्काफांद्र’ म्हणतात. शिरस्त्राण, हवेची टाकी, शिशाच्या तळव्यांचे बूट असा तो सगळा सरंजाम. मर्सियरने त्याचं केलं बुचाचं जाकीट. खानदेशात विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा नाही तर वाळका भोपळा बांधतात. तो डबा तसाच बांधून एखाद्याला तळाला जाऊन शिकार करून ये म्हणावं, तशातली ही गत. मूळ शब्द पाहिला नाही तर वाचक स्वतःलाच मठ्ठ समजतो. आपल्याला कळत नाहीये, असं त्याला वाटत राहतं.

खानदेशी वाचकाची आणखी एक पंचाईत मराठी भाषांतरातच होते, आणि तिथे चूक कुणाचीच नसते. सुकाणू, शीड, डोलकाठी, नाळ हे जहाजाचे शब्द मराठीला किनाऱ्याने दिले. काळ्या मातीत ‘नांगर टाकला’ वाचलं की आधी शेत दिसतं, मग बैल, आणि मग कुठे समुद्र.

विनोदाचं भाषांतर सगळ्यात नाजूक. प्रोफेसरच्या नोकराचं नाव कॉन्सेल, अर्थ ‘सल्ला’. व्हर्न म्हणतो, नाव असं असूनही हा कधी सल्ला देत नाही, न विचारताही नाही! सगळी गंमत त्या ‘न विचारता’मध्ये आहे. जगात सल्ला मिळतो तो न विचारताच. चौकात स्कूटर बंद पडली की चार जण येऊन प्लग काढायला सांगतात. इंग्रजीत मात्र झालंय ‘विचारल्यावरही देत नाही’. चांगला गडी घुम्मा होऊन बसला. हाच कॉन्सेल माशांचा वर्ग, गण, कुळ घडाघडा म्हणतो, पण समोरचा मासा त्याला ओळखता येत नाही. त्यांच्यासोबतच्या हार्पूनवाल्या नेड लँडला मासा बरोबर ओळखता येतो, पण त्याच्या लेखी माशांचे प्रकार दोनच, खायचे आणि न खायचे. मर्सियरने पुस्तकाचा जवळजवळ चतुर्थांश कापला, आणि कात्री जास्त चालली ती शास्त्रावर आणि माशांच्या याद्यांवर. त्या याद्या कंटाळवाण्या आहेत हे कबूल. पण त्या कापल्या की कॉन्सेल कशाला हसण्यासारखा आहे तेही जातं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. नेमोच्या बाबतीत तसं नाही. या कादंबरीत तो कुठल्या देशाचा हे कळत नाही. सिलोनजवळ एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवल्यावर, आपण दडपलेल्यांच्या देशाचे रहिवासी आहोत एवढंच तो बोलतो. व्हर्नच्या डोक्यात आधी पोलिश सरदार होता. रशियातली विक्री बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेलने ते होऊ दिलं नाही. उलगडा होतो १८७४-७५ च्या गूढ बेटाच्या कादंबरीत. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढून सगळं गमावलेला. फ्रेंचमध्ये व्हर्नची सहानुभूती उघड त्याच्या बाजूने आहे. विल्यम किंग्स्टनच्या नावावर १८७५ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतरात तीच पानं नव्याने लिहिली गेली. इंग्रजांनी या देशाला अराजकातून बाहेर काढलं आणि धूर्त संस्थानिकांनी लोकांना भडकवलं, असा सूर तिथे लागतो. ही काही स्वल्पविरामाची चूक नव्हे. त्याच भाषांतरात इंजिनिअर सायरस स्मिथचा सायरस हार्डिंग झालाय. तो का, हे निदान निरुपद्रवी कोडं आहे.

मराठीत व्हर्न आला तो बहुतेक संक्षिप्त रूपात. ‘फास्टर फेणे’वाल्या भा. रा. भागवतांनी तो कुमारांपर्यंत पोचवला, आणि अशी पळणारी मराठी आजही थोड्यांनाच जमते. पण नव्याने कुणी हातात घेणार असेल तर ही पानं फ्रेंचवरूनच करावीत. सातपुड्यात खाज्या नाईक आणि त्याचे भिल्ल १८५७ मध्ये उठले, १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली. त्या डोंगराच्या पायथ्याला बसून डक्करला ‘भडकवलेला’ म्हणून वाचणं जरा जड जातं.

व्हर्नही चुकतो, आणि तेही नेमका आपल्याच दारात. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणारा फिलिअस फॉग २१ ऑक्टोबर १८७२ ला रेल्वेने खानदेशातून जातो. प्रदेश सपाट, शेती चांगली, गावोगावी देवळांचे ‘मिनार’, आणि भरपूर लहान नद्या, ‘बहुतेक गोदावरीच्या उपनद्या’! गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर सगळ्या तापीला मिळतात हे चौथीतलं पोरगंही सांगेल. मराठी भाषांतरात गोदावरी खोडून तापी लिहावी का? नाही. चूक लेखकाची आहे, ती त्याच्याच नावावर राहू द्यावी. खाली टीप द्यावी. कारण बऱ्हाणपूर मागे टाकल्यावर, थोड्याच ओळींनंतर, गाडी तापीच्या काठाने जाते आणि तिथे त्याने तिला अचूक पकडलंय: सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळणारी. फ्रेंचमध्ये नदीला दोन शब्द आहेत. दुसऱ्या नदीला मिळते ती ‘रिव्हिएर’, थेट समुद्राला जाते ती ‘फ्लव्ह’. व्हर्नने तापीला ‘फ्लव्ह’ म्हटलंय. इंग्रजीत दोन्ही एकच होतात, मराठीतही. फक्त त्या शब्दाआधी ‘पेती’ लावलंय, म्हणजे छोटी. तेवढं तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडलेले असताना वाचू नये.