आम्ही आणि आपण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे पत्र हाती आले आणि त्यातल्या ‘आपली शाळा’ या दोन शब्दांवरच माझी नजर थांबली. त्यांपैकी पहिल्या शब्दाचा अर्थ मला बाईंनी समजावला होता. त्यामुळे शाळेविषयी लिहायला बसले तरी लेखणी बाईंकडेच वळते, याबद्दल इतर गुरुजनांनी मला क्षमा करावी.

परदेशातून येऊन मी पाचवीच्या वर्गात दाखल झाले, तेव्हा मला मराठीचा एकही शब्द येत नव्हता. पहिले अनेक आठवडे मी तोंडच उघडले नाही. नवी भाषा कानावर पडू लागली की मुले पुष्कळदा अशी गप्प राहतात आणि त्या काळात ती ऐकून साठवत असतात, हे मला पुढे शिक्षिका झाल्यावर वाचनातून समजले. बाईंनी मात्र ते मला पाहूनच ओळखले असावे. त्यांनी बोलण्याचा आग्रह कधीच धरला नाही. काही दिवसांनी त्यांनी तपासलेल्या वह्या वाटण्याचे काम माझ्याकडे सोपवले. मुखपृष्ठावरचे नाव अक्षरे जुळवून वाचायचे आणि जो हात वर करील त्याला वही द्यायची, एवढेच ते काम होते. परंतु त्यामुळे माझ्या तोंडून निघालेले पहिले मराठी शब्द म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलामुलींची नावे ठरली.

बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला वस्तूंची लिंगे शिकवत असे. माझ्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नव्हते. इथे मात्र खडू तो, पट्टी ती आणि दप्तर ते. ती एकेका वस्तूवर बोट ठेवी आणि मी उत्तर देई. ‘चाक’ आणि ‘चित्र’ यांतला च लिहिताना एकच असूनही उच्चारताना वेगळा का होतो, असे मी विचारीपर्यंत तिच्याही ते कधी लक्षात आले नव्हते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत सारे बळ एकवटून मी मुलींना म्हणाले, “आम्ही खेळूया का?” सगळ्या हसल्या. त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, तरी मी वर्गात येऊन एकटी बसून राहिले. ही गोष्ट बाईंच्या कानी कशी गेली ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द लिहून त्यांतला फरक वर्गाला विचारला. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या त्या मुलांना तो चटकन सांगता येईना. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले, की ज्याच्याशी बोलतो त्याला ‘आपण’मध्ये धरतात, ‘आम्ही’मध्ये धरत नाहीत. मग बाईंनी मला विचारले, “तुझ्या भाषेत काय म्हणतात?” मी एकच शब्द सांगितला, कारण दोहोंसाठी आमच्याकडे तेवढाच होता. सबंध वर्ग तो शब्द म्हणू लागला आणि त्यांचे उच्चार मी सुधारू लागले. दुसऱ्या दिवशी शेजारणीने माझा हात ओढून म्हटले, “चल, आपण खेळायला जाऊ.”

आज मी स्वतः अशाच नवागत मुलांना शिकवते. रोजच्या बोलण्याची भाषा मुलांना साधारण २ वर्षांत येते, मात्र अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षे लागू शकतात, असे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे. मैदानावर अस्खलित बोलणारे मूल उत्तरपत्रिकेत अडले की त्याला आळशी ठरवले जाते, याचे मला फार वाईट वाटते. बाईंनी मला सातवीपर्यंत विज्ञानाची उत्तरे आकृत्या काढून देण्याची मुभा दिली होती, आणि ती सवलत आहे असे मला कधी जाणवूही दिले नाही.

वर्गांतली जोडबाके जाऊन आता सुट्या खुर्च्या आल्या आहेत, असे ऐकते. नव्याने आलेल्या मुलाला तिथे शेजार कसा मिळत असेल, हा विचार मनातून जात नाही. बाई आता राहिल्या नाहीत आणि त्या तासाबद्दल त्यांच्याशी बोलायचे माझ्याकडून कायमचे राहून गेले.

समारंभाला आम्ही दोघी शेजारणी बरोबरच येणार आहोत. त्या दिवशी थोडा वेळ काढून आपण सगळ्यांनी पाचवीच्या त्या वर्गात जाऊन बसावे, अशी माझी विनंती आहे.