काट्यावर न दिसलेला ताप

मे संपत आला की देवबाग-तारकर्लीच्या पुळणीवर होड्या वर ओढायची घाई उडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीही त्याच सुमारास पाण्याबाहेर येतात, आणि गावातले मोजके ट्रॅक्टर सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. ज्याला ट्रॅक्टर मिळत नाही तो दिसेल ती गाडी होडीला बांधतो. अशाच एका दुपारी फोन आला.

"मेस्त्रीनू, गाडयेतसून धूर येता. पाणी मारू काय?"

"जाळ आसा?"

"जाळ नाय, पण धूर बघवना नाय."

"मगे पाण्याचो थेंब मारू नको. इंजिन बंद कर, माणसा लांब कर. जाळ दिसलोच तर सुकी वाळू टाक."

फोन मालकाच्या भाच्याचा होता. गाडी माझ्या ओळखीची: जपानी बनावटीची जुनी फोर बाय फोर, तीन लिटर डिझेल, चार गिअरचा ऑटोमॅटिक डबा (गिअरबॉक्स), कोल्हापूरकडून सेकंडहँड आणलेली. ऑटोमॅटिक नुसता तापला असेल आणि तेल कुठे गळत नसेल, तर मी उलटंच सांगतो: दांडा एनमध्ये (न्यूट्रलला) टाका, इंजिन चालू ठेवा, रेस थोडी वर धरा. इंजिन फिरतं तोवरच डब्यातला पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जाऊन निवतं. इंजिन बंद केलं की उकळतं तेल आहे तिथेच बसतं. पण इथे धूर येत होता, म्हणजे तेल सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं. तिथे इंजिन बंद करणंच बरं.

नेरूरपारच्या पुलावरून चौके, मालवण करत देवबागला पोचलो तेव्हा भरती लागली होती. गाडी मागच्या एक्सलपर्यंत वाळूत रुतलेली, मागे जाडजूड दोरखंडाने बांधलेली फायबरची बोट, आणि भोवती सल्ला देणारे. दोरखंड आधी सोडवायला लावला. मालक सीटवर बसूनच होते. मला बघताच त्यांनी डॅशबोर्डवर बोट ठेवलं.

"ह्यो काटो बघा, मदीच आसा. गाडी गरम जावकच नाय."

काटा खरंच मधोमध होता, आणि गडबड नेमकी तिथेच आहे. तो काटा इंजिनच्या कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. गिअरबॉक्समधलं तेल दीडशे अंशांवर गेलं तरी तो जागचा हलेलच असं नाही. अशा गाड्यांत गिअरबॉक्ससाठी फार तर एक दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा तेलाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मी दिव्याबद्दल विचारलं, तर मालक म्हणाले, "पेटलली एक बत्ती. माका वाटला हँडब्रेकाची."

गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढताना मला एकाच गोष्टीची धास्ती होती. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी किंवा कुलंट शिरलं की लाल तेलाची घट्टसर, फिकट गुलाबी सोलकढी होते, आणि ती दिसली की फारसं काही वाचत नाही. क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या चिकटाने बसवलेलं असतं तोच पाण्याने सुटतो. इथे पाणी शिरायला दोन वाटा होत्या. एक रेडिएटर. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो, आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आतून कधी कुजेल याचा भरवसा नसतो. दुसरी वाट ब्रिदरची, म्हणजे डब्याला हवा घ्यायच्या-सोडायच्या नळीची. होडी उतरवायला गाडीचा मागचा भाग समुद्रात घालायचा, तापलेला डबा खाऱ्या पाण्यात एकदम निवतो, आतली हवा आकसते, आणि ब्रिदरचा पाइप तुटका असला तर हवेऐवजी पाणी आत ओढलं जातं.

गेजवर आलं ते काळपट तपकिरी, करपलेल्या वासाचं तेल. गुलाबी अजिबात नाही. रेडिएटरचं झाकण मी तिथे उघडलं नाही, पण कुलंटच्या बाटलीत तेलाचा तवंगही नव्हता. मला बरं वाटलं. करपलेल्या तेलाचा डबा कधी कधी वाचतो.

मग भाच्याला बाजूला घेऊन काय काय केलं ते विचारलं. बोट दोरखंडाला बांधली, दांडा डीमध्ये, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत. बोट हलेना, चाकं थोडी फिरून रुतली, तरी पाय काही उचलला नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनकडचं पातं तेल फेकतं, समोरचं पातं त्या तेलाच्या जोराने फिरतं. गाडी जागची हलली नाही तर समोरचं पातं थांबलेलं आणि इंजिनकडचं फिरतंय, म्हणजे इंजिनची ताकद निव्वळ तेल घुसळण्यात जाते आणि सगळीच्या सगळी उष्णता होऊन त्यात उतरते. अशा इंजिनला तेव्हा सहज पन्नास-साठ हॉर्सपॉवर निघत असेल, म्हणजे चाळीसेक किलोवॅट. वर्कशॉपमध्ये आम्ही मुद्दाम असं करून डबा तपासतो, त्याला स्टॉल टेस्ट म्हणतात, आणि मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असतं: पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. भाच्याने ती मिनिटांच्या हिशोबात केली होती.

"एलमध्ये कित्याक नाय टाकलंस?"

"दांडो हलताच खंय!"

एल म्हणजे लो रेंज, त्याचा दांडा वेगळा. डब्याची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा हा दांडा गंजून जागेवर धरला होता. मला विचाराल तर खरा आजार हाच. लो रेंजमध्ये चाकापर्यंतचं गुणोत्तर साधारण अडीच पट खाली येतं. म्हणजे तीच होडी ओढताना कन्व्हर्टरवर ओझं कमी, घसरण कमी, आणि इंजिन मोकळं फिरत असल्याने पंपही भरपूर तेल फिरवतो. वाळूत टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली असती तर निम्मा त्रास तिथेच वाचला असता. पण दांडाच हलत नाही म्हटल्यावर हायमध्ये चाललं होतं सगळं.

तेल बाहेर कसं आलं तेही भाच्याच्याच तोंडून कळलं. सकाळी गार गाडीत त्याने गेज पाहिलं, तेल 'हॉट'च्या खुणेखाली दिसलं, म्हणून 'हॉट'पर्यंत भरलं. ऑटोमॅटिकचं तेल तापलं की फुगतं, म्हणून तर गेजवर दोन खुणा असतात. पातळी बघायची ती सपाट जागी, गाडी चांगली चालवून तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, दांडा सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून. जास्त झालेलं तेल फिरणाऱ्या भागांना लागतं, घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेस ब्रिदरमधून बाहेर येऊन थेट सायलेन्सरवर पडतो. धूर तो हाच.

आता गाडी काढायची कशी? इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत न्यायची नसते. पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला टाकली तर चालतं, पण आमचा दांडा तर धरलेला. शेजारच्या वाडीतून अखेर एक ट्रॅक्टर मिळाला. दांडा एनमध्ये ठेवून गाडी अगदी हळू, पुळणीपुरतीच वर घेतली. मग सुरूच्या सावलीत गाडीखाली आडवा होऊन चौदाच्या पान्याने दोन्ही प्रोपेलर शाफ्ट उतरवले. देवबागच्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर सपाट ट्रक येणं कठीण, पुढची चाकं उचलणारी क्रेनच येणार होती. शाफ्ट नसले की मागची चाकं किती का फिरेनात, डब्यापर्यंत काही पोचत नाही. मालकांना हे सगळं जास्तीचं काम वाटत होतं. त्यांना आधीच कुणीतरी फोनवर सांगून टाकलं होतं की डबा गेला, दुसरा बसवा.

गॅरेजमध्ये डब्याचा चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, उतरवला. अशा वेळी मी आधी त्यातला मॅग्नेट बघतो. राखाडी मऊ लेप हा चालत्या डब्यात असतोच. काळे पापुद्रे म्हणजे प्लेटांचं अस्तर, आणि पिवळी चमकणारी कीस म्हणजे आतली बुशं खाल्ली. इथे राखाडी लेप होता, त्यात थोडी काळी भुकटी, पापुद्रे नव्हते, पिवळं काही नव्हतं. डबा उघडायचा नाही असं मी तिथेच ठरवलं.

पुढची जाळी काढली तेव्हा बाहेरच्या छोट्या कूलरचं खरं रूप दिसलं. सुरूच्या काड्या, वाळू आणि लाल माती यांचा एकच थर, आणि मिठाने खाल्लेल्या पत्र्या हात लावला की गळून पडत होत्या. त्यातून वारा जायला जागाच नव्हती.

चेंबर रिकामा केला म्हणून सगळं तेल निघत नाही. निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांत राहतं. म्हणून तेल गाळायची जाळी धुऊन चेंबर नव्या गॅस्केटने बसवला, परतीचा पाइप सोडून बादलीत घातला, इंजिन आयडलला ठेवून थोडं तेल काढायचं, तेवढंच ताजं भरायचं, असं लाल तेल येईपर्यंत केलं. मशीनने दाब देऊन फ्लश करणं मी जुन्या डब्यात टाळतो. 'जुनं तेल बदललं की डबा बसतो' असं गॅरेजांमध्ये छातीठोक सांगतात. बसतो तो आधीच झिजलेला असतो, तेल बदलायला तो फार उशिरा आलेला असतो. तेलाचा साधारण हिशोब असा की नेहमीच्या तापमानावर प्रत्येक दहा अंश चढले की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं.

रेडिएटरमधल्या कूलरला मी पूर्ण वगळलं. थंड प्रदेशात त्याचा उपयोग तेल लवकर कोमट व्हायलाही होतो, म्हणून तिथे बाहेरचा कूलर जोडला तरी दोन्ही ठेवतात. कोकणात तेल कोमट करायची गरज कुणाला? इतका जुना रेडिएटर आणि त्यात तेलाची नळी, हा धोका मला नको होता. बाहेर मोठा नवा प्लेटचा कूलर बसवला, तेलाला चालणारे होज लावले (पेट्रोलचे लावणारे महाभाग आहेत), ब्रिदरचा पाइप बोनेटखाली वरपर्यंत नेला. दांड्याचा गंजलेला पिन तापवून सोडवला, बुश साफ करून ग्रीस भरलं.

आणि डब्यातल्या तेलाचं तापमान दाखवणारा मीटर बसवला. सेन्सर डब्यातून कूलरकडे जाणाऱ्या नळीवर, कारण कन्व्हर्टरमधून निघालेलं सगळ्यात तापलेलं तेल तिथेच येतं. चेंबरमध्ये बसवला तर आकडा शांत दिसतो, पण बातमी उशिरा कळते.

मालकांना शेजारी बसवून गाडी आंबोलीला नेली. हायवेला ८५ अंश. दाणोली सोडून घाट लागला, दांडा डीमध्ये तसाच ठेवला. डबा दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा गिअर करत राहिला, कन्व्हर्टरची दोन्ही पाती एकत्र बांधणारं लॉकअप लागेना, आकडा बघता बघता ११२. मग ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद केलं, दांडा दोनवर आणला, रेस थोडी वर राहू दिली. वळणं तीच, चढ तोच, आणि आकडा ९९ वर येऊन थांबला. मालक काचेतून बाहेर न बघता मीटरकडेच बघत होते. १२० दिसले की बाजूला घेऊन एनमध्ये इंजिन चालू ठेवायचं, एवढं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. घाट उतरतानाही दांडा दोनवरच ठेवायला लावला. त्यात गिअरबॉक्सपेक्षा ब्रेकची काळजी जास्त.

डबा नव्यासारखा झाला असं मात्र नाही. सकाळच्या पहिल्या प्रवासात दोनावरून तीन पडताना क्षणभर रेस सुटते, प्लेटांनी जे सोसलं ते सोसलंच. गणपतीच्या आधी गाडी परत आली, चेंबर पुन्हा उतरवला, मॅग्नेटवर फक्त राखाडी लेप होता. मालकांनी विचारलं, आता डबा उघडायचा का? मी म्हटलं, रेस सुटणं वाढत नाही तोवर चालवा, आणि महिन्यातून एकदा गाडी थांबवून, ब्रेक दाबून, ट्रान्स्फर केसचा दांडा एलमध्ये टाकून चार हात फिरवा. यंदा होड्या ट्रॅक्टरनेच पाण्यात सोडायच्या असं त्यांचं ठरलंय. भाच्याचा मात्र परवा फोन आला: टायरची हवा उतरवून, एलमध्ये, त्याने एक रिकामी होडी पुळणीवरून ओढून पाहिली. आकडा १०४ च्या वर गेला नाही म्हणे.