फोडणी पडली आणि कोथिंबीर नाही

यांच्या भाच्याला पार्ल्यात घर घ्यायचंय. पुण्याहून दोन दिवसांसाठी आला आणि ‘मामी, तू चल, तुला इथलं कळतं’ म्हणत एजंटबरोबरच्या फेरीत त्याने मलाही ओढलं. एजंट तरुण, घामाघूम आणि भलताच आशावादी. प्रत्येक घरात शिरला की आधी खिडकी उघडायचा. ‘व्हेंटिलेशन बघा. स्टेशन वॉकेबल, शाळा वॉकेबल, मार्केट वॉकेबल.’ तिसऱ्या घरात मी त्याला विचारलं, ‘फोडणी पडल्यावर लक्षात आलं की घरात कोथिंबीर नाही, तर गॅस बारीक करून खाली जाऊन आणता येईल का?’ तो हसला. काकू गंमत करतायत असं त्याला वाटलं असावं.

मी गंमत करत नव्हते. तीस वर्षं पार्ले पूर्वेत राहून उपनगर जोखायची ही एकच कसोटी माझ्या हाती लागली आहे. माझा मुलगा घोडबंदर रोडला एकतिसाव्या मजल्यावर राहतो. तिथे पोहायचा तलाव आहे, जिम आहे, बाल्कनीतून डोंगर दिसतो. पण खाली उतरायचं म्हणजे आधी लिफ्टची वाट, मग पोडियम, मग गेट, मग सर्व्हिस रोड आणि पलीकडे जायला जीव मुठीत. मी हे सुनेला ऐकवलं. ती म्हणाली, ‘आई, दहा मिनिटांत घरपोच येते की कोथिंबीर.’ यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तलावाचं कौतुक केलं.

पार्ल्याचं मला नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. ते चांगलं राहिलं ते बरंचसं त्याला न मिळालेल्या गोष्टींमुळे. इथे फास्ट लोकल थांबत नाही. अंधेरीला थांबते, आम्हाला वाकुल्या दाखवत धडधडत निघून जाते. ऐन गर्दीच्या वेळी या गोष्टीवर मी मनसोक्त शिव्या घातल्या आहेत. पण अंधेरी स्टेशनाबाहेरची रेटारेटी पाहिली की आमची स्लो बरी वाटते. दुसरं म्हणजे विमानतळ. तो उशाशीच असल्याने इमारतींच्या उंचीवर मर्यादा. आमची सोसायटी चार मजली, बिनलिफ्टची, आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेत कुणीतरी सुस्कारा टाकून ‘फनेल’ (विमानांच्या वाटेखालचा उंचीवर मर्यादा असलेला पट्टा) एवढाच शब्द उच्चारतं. बिल्डर येतात, चहा पितात, वर आकाशाकडे बघतात आणि जातात. त्यामुळे माझे गुडघे गेले आणि खिडकीसमोरचा आंबा राहिला. या व्यवहारात मी खूश आहे का, ते मला सकाळी विचारू नका, संध्याकाळी विचारा. चौथ्या मजल्यावर पिशव्या चढवून झाल्यावर तर मुळीच नको.

विमानांची मात्र सवय होते. डोक्यावरून विमान गेलं की पार्लेकर वाक्य अर्धवट सोडतो, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करतो. पाहुणे मात्र मध्येच ‘काय? काय म्हणालात?’ करत बसतात.

आणि वास. स्टेशनाला लागूनच बिस्किटांचा कारखाना होता, १९२९ साली सुरू झालेला. लोकलमध्ये डुलक्या काढणारे लोक नाकावर भरवसा ठेवून उठायचे, पार्ले आलं म्हणून. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं तेव्हा गावभर हळहळ झाली. मीही हळहळले. पण खरं सांगायचं तर मला ते वर्तमानपत्रातून कळलं. रोजच्या नाकाला तो वास कधीच येईनासा झाला होता, तो यायचा आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना. दारात उभं राहून ‘अहाहा’ करायचे, तेव्हा आम्ही मालकी हक्काने हसायचो.

पार्लेकरांना मालकी हक्क जरा जास्तच आहे, हे कबूल. कट्ट्यावर रस्त्यातल्या खड्ड्यावरून निघालेली चर्चा दोन वाक्यांत १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातल्या पार्ल्याच्या छावणीपर्यंत पोचू शकते. पण एक गोष्ट मला खरोखर मोलाची वाटते. लोकमान्य गेले १९२० मध्ये. पुढच्याच वर्षी इथे पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. म्हणजे लोकांनी आधी शाळा काढली, व्याख्यानांची सोय केली, आणि घरांना भाव यायचा तो फार नंतर आला. आता उलटं असतं. टॉवर आधी, शाळेची जागा ब्रोशरात हिरव्या रंगाने दाखवलेली.

तो भाव आता असा आहे की शाळेत शिकवणाऱ्यांना आणि सेवा संघात खुर्च्या मांडणाऱ्यांना इथे भाड्याने खोली परवडत नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई नालासोपाऱ्याहून येतात. त्यांची सकाळ पाचला सुरू होते, माझं पार्लं ‘वॉकेबल’ राहावं म्हणून. हे एजंटने सांगितलं नाही. मीही भाच्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. वरण उकळत होतं, आणि कोथिंबीर नाही! ‘बघ, आता दाखवते,’ म्हणून भाच्याला घेऊन मी खाली उतरले. स्टेशनकडे जाताना वसईच्या मावशी बसतात. त्यांच्या टोपलीत कोथिंबीर होती, पण पुढे अळू होतं, केळीच्या सोपटाने बांधलेलं, देठ काळपट.

‘खाजरं नाही ना?’

‘बाय, मी माझ्या नातवाला खायला घालते.’

अळू घेतलं. मग अळूत घालायला शेंगदाणे हवेत म्हणून वाण्याकडे. वाण्याच्या पायरीवर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या, त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची हकिकत सुरू झाली. मध्ये दोन विमानं गेली. भाचा घड्याळाकडे बघत होता. चपला शिवणाऱ्या काकांनी हाक मारून माझी मागच्या आठवड्यातली सँडल परत दिली आणि सुटे नव्हते तर ‘उद्या द्या’ म्हणाले.

चार जिने चढून वर आलो तेव्हा पाऊण तास झाला होता. वरण झाकलेलं, गॅस बंद, हे जेवायला बसलेले. वरणावर हिरवीगार कोथिंबीर.

‘डब्यात होती,’ हे म्हणाले, ‘फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला.’