टू-स्ट्रोकवर ३,४०० मीटरची खिंड: स्क्रूने काही होत नाही, आणि उतरताना जेट परत बदला

काल रात्री परत आलो, अंग ठणकतंय, पण विसरायच्या आत लिहून टाकतो. गाडी जुनी टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा छोटा यांत्रिक स्विच), पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची. किक मारता येते, प्लग काढता येतो आणि कार्बोरेटर उघडायची भीती नाही, एवढं धरूनच पुढचं वाचा.

निघायच्या आधी मला दोन सल्ले मिळाले होते. एक, उंचीवर कार्बोरेटरचा एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढ, सगळं ठीक होईल. दुसरा, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं ॲडव्हान्स, म्हणजे लवकर, कर म्हणजे चढाला ओढ येईल. दोन्ही ऐकले आणि दोन्हींनी मला मारलं.

पहिला दिवस सपाटीचा, काही सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या खालचे शेवटचे ९ किलोमीटर. दोन तास लागले हो! साधारण २,६०० मीटरच्या पुढे गाडी फोर-स्ट्रोकिंग करायला लागली, म्हणजे एक ठोका जळतो एक जळत नाही, ब्र्र-ब्र्र असा जड आवाज, थ्रॉटल पूर्ण उघडा तर अजून मरते. दोनदा प्लग काढला, दोन्ही वेळा ओला आणि काळा. मी वेड्यासारखा स्क्रू फिरवत होतो आणि ढिम्म फरक पडत नव्हता, कारण स्क्रूचं राज्य आयडलपासून फार तर पाव थ्रॉटलपर्यंत. मधल्या थ्रॉटलला नीडल (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजणारी सुई), आणि पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मेन जेट (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं, आकडा मोठा तर भोक मोठं). चढाला आपण असतो पाऊण थ्रॉटलच्या वर, मग स्क्रू काय करणार?

३,४०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी असते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही, म्हणून मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. रस्त्याकडेला बसून ११० चा मेन जेट काढून १०० चा टाकला आणि नीडलची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे नीडल खाली बसते. गाडी लगेच स्वच्छ पळाली. तरी खालच्यासारखी ताकद येत नाही आणि येणारही नाही, हवाच कमी आहे, त्यावर कुठलंही ॲडजस्टमेंट नाही. जवळ दोन लहान जेट, जेटचा स्क्रूड्रायव्हर आणि दोन प्लग ठेवा. हे नसेल तर या खिंडीला जाऊच नका.

आणि हो, स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आत फिरवला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. मला सल्ला देणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

आता खरं प्रकरण, उतार. वर पोचल्याच्या आनंदात १०० चा जेट तसाच, टायमिंगही ॲडव्हान्स तसंच. विरळ हवेत दोन्ही खपून गेलं, पण खालच्या दाट हवेत तोच जेट लीन पडतो. खाली ९०० मीटरवर आलो, दुपारचं ऊन, सरळ रस्ता, पूर्ण थ्रॉटल. आधी बारीक किणकिण ऐकू आली, मग थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येईना. ही दोन्ही लक्षणं ओळखा आणि तिथेच थांबा. मी अजून दोन किलोमीटर ओढली. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबला म्हणून वाचलो.

इंजिन पाऊण तास थंड होऊ दिलं, किक मोकळी झाली. सायलेन्सरचा बेंड खोलून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन बघितला तर त्या बाजूला उभे ओरखडे. प्लगवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि बारीक चमकणारे कण, ते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. ११० चा जेट परत टाकला, क्लिप मूळ खाचेत आणली, पॉइंटची प्लेट (जी फिरवून टायमिंग बदलतं) मूळ खुणेवर नेली. निघण्याआधी प्लेटवर सुईने खूण केली होती म्हणून ते रस्त्यावर जमलं. उरलेलं अंतर अर्ध्या थ्रॉटलने.

टायमिंगचं एक कायम लक्षात ठेवा, आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे प्लेटला हात न लावताही टायमिंग ॲडव्हान्स होतं. प्लेट क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेला नेली की ॲडव्हान्स, त्याच दिशेला नेली की रिटार्ड. आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचाच घ्या, प्लगच्या भोकात डायल गेज लावून टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) किती मिलिमीटर आधी ते मोजा आणि पॉइंट उघडतो तो क्षण पॉइंटला जोडलेल्या बल्बवर बघा. कानाने लावलेलं टायमिंग घेऊन घाटात जाऊ नका, मी गेलो होतो. टायमिंग बरोबर झाल्याशिवाय जेटला हात लावायचा नाही, नाहीतर प्लगचा रंग काय सांगतोय तेच कळत नाही.

मिसळलेल्या ऑइलवाल्यांनी लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये सोडून देऊ नये. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन फिरतंय जोरात. दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटलला एक झटका द्या. सुरक्षित म्हणून ऑइल जास्त ओतायचा विचारही नको, लिटरला २० मिलीच्या जागी ४० टाकलं तर तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट थोडं लीनच होतं आणि प्लग घाण होतो तो वेगळा.

बॅरल (सिलिंडर) उद्या उतरवतोय. रिंग अडकल्यात की पिस्टनच गेलाय ते बघून इथेच लिहीन.