आमची वाटचाल : अ‍ॅजाइल टीममधला बीए

आमची कंपनी छोटी आहे आणि दुसऱ्यांच्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनवते. क्लिनिक, गोदामं, प्रशिक्षण संस्था असे आमचे क्लायंट. आजवर प्रोग्रॅमिंगच्या भाषा बदलल्या, फ्रेमवर्क बदलले, सर्व्हर बदलले. पण कामाच्या दर्जावर सर्वांत मोठा परिणाम झाला तो टीममधली बिझनेस अ‍ॅनालिस्टची (क्लायंटची गरज समजून ती टीमसमोर नेमकी मांडणाऱ्याची), आमच्या बोलण्यातल्या बीएची, जागा बदलल्याने. ती जागा आज काय आहे, ते तपशिलात मांडतो.

सुरुवातीची पद्धत सगळीकडे असते तीच होती. बीएने बैठका घ्यायच्या, जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहायचं, क्लायंटचं साइन-ऑफ मिळालं की ते डेव्हलपरांच्या हाती द्यायचं. या पद्धतीत खोट कागदाची नाही. क्लायंट सही करतो तेव्हा त्याने एकही स्क्रीन पाहिलेली नसते, आणि डेव्हलपरला खरे प्रश्न पडू लागतात तोवर बीए पुढच्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. मग डेव्हलपर अंदाजाने मधली जागा भरतो. तो अंदाज चुकला हे कळतं थेट शेवटच्या टेस्टिंगमध्ये, जिथे बदल करणं सर्वांत महाग पडतं.

स्क्रमकडे, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या अ‍ॅजाइल पद्धतीकडे, वळल्यावर वेगळा पेच येतो. केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांच्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर (कामाचा क्रम ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जाते ना ते पाहणारा) आणि डेव्हलपर्स. बीएचा उल्लेखच नाही. त्यावरून कुणी बीएचं पद काढून टाकतं, तर कुणी त्यालाच प्रॉडक्ट ओनर म्हणू लागतं. खरं तर त्या गाइडमध्ये डेव्हलपर म्हणजे फक्त कोड लिहिणारा नाही; प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात, वापरण्याजोगं काही तयार करायला हातभार लावणारा टीममधला माणूस तो डेव्हलपर. टेस्टर आणि बीए दोघंही त्यात बसतात.

बीएला प्रॉडक्ट ओनर करण्याला आमचा ठाम विरोध आहे. कोणतं काम आधी घ्यायचं आणि कोणतं अजिबात करायचं नाही, हे ठरवायचा अधिकार ज्याच्या माथी खर्चाची जबाबदारी आहे त्याच्याकडेच हवा. बीएकडे तो अधिकार नसतो. नावापुरता प्रॉडक्ट ओनर केला की प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच: 'विचारून सांगतो.' तोवर स्प्रिंटचे दोन दिवस गेलेले असतात. म्हणून बॅकलॉगचा (करायच्या कामांच्या यादीचा) क्रम क्लायंटकडचा प्रॉडक्ट ओनर लावतो. त्या क्रमातल्या प्रत्येक गोष्टीमागचे नियम, अपवाद आणि पर्याय शोधून टीमसमोर ठेवणं हे बीएचं काम.

हे शोधणं कसं असतं, ते एका स्टोरीवरून, म्हणजे वापरणाऱ्याच्या एका छोट्या मागणीवरून, पाहू. मागणी एका ओळीत येते: पेशंटला अपॉइंटमेंट ऑनलाइन रद्द करता यावी. सोबत नियमही येतो: २४ तास आधी रद्द केली तर पूर्ण परतावा, त्यानंतर निम्मा. एवढ्यावर कोड लिहिता येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अपॉइंटमेंट सोमवारी सकाळी १० ची आणि रद्द केली रविवारी बरोबर १० ला, तर ती कोणत्या बाजूला धरायची? शुल्क ८००, कूपनची सवलत २००, पेशंटने भरले ६००. मग निम्मा परतावा ४०० की ३००? परतावा बँकेच्या पातळीवर अडकला तर अपॉइंटमेंट रद्द झाली म्हणायची का, आणि ती वेळ दुसऱ्या पेशंटला खुली करायची का? डॉक्टरच रजेवर गेले तर पूर्ण परतावा हे उघड आहे, पण त्या दिवसाच्या सगळ्या अपॉइंटमेंट एकदम रद्द करण्याची सोय कुणाच्या हाती द्यायची?

सर्वांत महागात पडणारा प्रश्न मात्र सहसा कुणाला सुचत नाही. पेशंटने रविवारी संध्याकाळी सोमवारची अपॉइंटमेंट गुरुवारवर ढकलली आणि मंगळवारी रद्द केली. २४ तास जुन्या वेळेच्या हिशोबाने मोजायचे की नव्या? नव्या वेळेने मोजले तर निम्मे पैसे कापण्याचा नियम कुणालाही सहज चुकवता येतो. क्लायंटच्या डोक्यात 'रद्द करणं' आणि 'पुढे ढकलणं' ही दोन वेगळी कामं असतात, म्हणून तो त्यांचा एकत्र विचार करत नाही. कोड मात्र दोन्हीसाठी अपॉइंटमेंटची तीच एक वेळ वाचतो. दोन नियम एकाच माहितीवर कुठे भेटतात, ते पाहण्याची सवय हे बीएचं खरं कसब आहे.

असे प्रश्न बाहेर काढायला आम्ही मॅट विन यांची एक्झाम्पल मॅपिंगची पद्धत वापरतो. बीए, डेव्हलपर, टेस्टर आणि शक्य असेल तेव्हा प्रॉडक्ट ओनर एकत्र बसतात. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरणं, लालवर अनुत्तरित प्रश्न. वेळ २५ मिनिटं. वेळ संपल्यावर टेबलाकडे पाहिलं की बरंच कळतं. निळी कार्डं फार झाली तर स्टोरी मोठी आहे, तोडा. एकाच निळ्या कार्डाखाली हिरव्यांची रांग लागली तर तिथे एक नसून दोन-तीन नियम दडलेले आहेत. लाल कार्डं जास्त असतील तर ती स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊ नका. बीएने आधी उत्तरं आणायची. उदाहरणात खरे आकडे आणि खऱ्या वेळा हव्यात. 'वेळेत रद्द केल्यास योग्य परतावा' हे उदाहरण होत नाही. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियामध्ये (काम पूर्ण झालं म्हणायच्या अटींमध्ये) 'योग्य', 'लवकर', 'इत्यादी' आणि 'गरजेनुसार' हे शब्द दिसले की आमचा टेस्टर स्टोरी परत पाठवतो, आणि तसा त्याला हक्क आहे.

पक्की झालेली उदाहरणं आम्ही गिव्हन-व्हेन-देन या मांडणीत लिहितो. डॅन नॉर्थ यांनी ती ख्रिस मॅट्स यांच्या साथीने घडवली, आणि मॅट्स स्वतः अ‍ॅनालिस्ट होते. आधीची स्थिती: अपॉइंटमेंट सोमवारी १० ची, भरलेली रक्कम ६००. कृती: पेशंट रविवारी १०:०१ ला रद्द करतो. परिणाम: ३०० परत, वेळ लगेच खुली, पेशंटला मेसेज. बटण कुठे आणि कोणत्या रंगाचं, हे यात येऊ द्यायचं नाही. ते लिहिलं की डिझाइन बदलताच सगळे क्रायटेरिया शिळे होतात.

स्टोरी तोडताना डेटाबेस, एपीआय (त्याला स्क्रीनशी जोडणारा भाग), स्क्रीन असे थर पाडायचे नाहीत. तसं केलं की तिन्ही पूर्ण होईपर्यंत क्लायंटला दाखवायला काहीच नसतं. वरच्या उदाहरणात पहिली स्टोरी फक्त २४ तासांच्या बाहेरची आणि पूर्ण परताव्याची. दुसरी निम्म्या परताव्याची. पुढे ढकललेल्या अपॉइंटमेंटची तिसरी, डॉक्टरांच्या रजेची चौथी. पहिली लहान दिसते, पण परताव्याची अख्खी वाट तिच्यात एकदा चालून होते आणि पेमेंटच्या जोडणीतली अडचण पहिल्याच स्प्रिंटमध्ये समोर येते. फक्त दुसरी आणि तिसरी पूर्ण होईपर्यंत पेशंटसाठी ही सोय खुली करायची नाही, हे प्रॉडक्ट ओनरकडून आधीच पक्कं करून घ्यायचं.

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बीए एक पाय चालू कामात आणि एक पुढच्यात ठेवतो. आमचा ठोकताळा असा: पुढच्या स्प्रिंटच्या स्टोरी उदाहरणांसह तयार, त्यापुढच्या स्प्रिंटच्या ढोबळ नियमांपर्यंत, आणि त्यापलीकडच्या फक्त एका ओळीत. त्याहून पुढचं तपशिलात लिहून ठेवलं तर हाती घेईपर्यंत निम्मं बदललेलं असतं. रिफाइनमेंटसाठी, म्हणजे पुढच्या स्टोरी अशा पक्क्या करण्यासाठी, स्क्रम गाइडच्या २०१७ च्या आवृत्तीत टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत वेळ सुचवला होता. २०२० मध्ये तो आकडा काढला. आम्हाला अजूनही तो उपयोगी वाटतो: दहा दिवसांत माणशी एक दिवस, तोही तुकड्यातुकड्यांनी.

चालू स्प्रिंटमधलं बीएचं सर्वांत मोलाचं काम दहा मिनिटांचं असतं. डेव्हलपरचं काम झालं की टेस्टरकडे देण्याआधी बीए त्याच्याच मशीनवर ठरलेली उदाहरणं चालवून पाहतो. समजुतीतला फरक तिथेच निघतो, बग नोंदवणं आणि त्यावरची चर्चा वाचते. दुसरं काम निर्णयांची नोंद. तारीख, प्रश्न, ठरलेलं उत्तर, ठरवणाऱ्याचं नाव, बाद केलेला पर्याय आणि त्याचं कारण, इतकं एका तक्त्यात पुरतं. जुनं डॉक्युमेंट नको म्हणून नोंदच सोडून देणाऱ्या टीमला सहा महिन्यांनी तोच वाद पुन्हा घालावा लागतो. २००१ च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर कागदपत्रांपेक्षा वरचं स्थान दिलं. कागद टाकून द्या, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

बीए निरोप्या झाला की ही सगळी रचना कोसळते. डेव्हलपरचा प्रश्न क्लायंटला, क्लायंटचं उत्तर डेव्हलपरला, मधे एक-एक दिवस. आमच्याकडे डेव्हलपर क्लायंटच्या माणसांशी थेट बोलतात. बीए ती भेट घडवतो, ठरलेलं नोंदवतो आणि त्याचा दुसऱ्या नियमांवर काय परिणाम होतो ते तपासतो. स्टँड-अपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) सगळ्यांची खबर गोळा करणं, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं इकडून तिकडे सरकवणं ही त्याची कामं नव्हेत. छोट्या कंपनीत ती अलगद त्याच्या गळ्यात पडतात आणि मग विश्लेषणाला वेळ उरत नाही. एका बीएकडे दोनपेक्षा जास्त टीम दिल्या की हेच होतं.

नवीन क्लायंटकडे गेल्यावर बीए 'तुम्हाला काय हवं' हे शेवटी विचारतो. आधी तो म्हणतो, मागच्या आठवड्यात रद्द झालेल्या दहा अपॉइंटमेंट दाखवा आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते सांगा. काउंटरवरच्या व्यक्तीची स्वतःची एक्सेल शीट, वहीतल्या खुणा, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं 'साहेबांना विचारून' हे सगळं तिथे सापडतं. जुनी सिस्टिम असेल तर तिच्या डेटाबेसमध्ये स्टेटसच्या रकान्यात प्रत्यक्षात कोणकोणत्या नोंदी आहेत आणि प्रत्येकीची संख्या किती, हे तो काढून घेतो. क्लायंट चार स्टेटस सांगतो आणि डेटामध्ये नऊ निघतात, असं सर्रास होतं. उरलेली पाच बहुतेक वेळा कुणीतरी खऱ्या अडचणीतून काढलेल्या वाटा असतात, आणि प्रत्येकीमागे एक न सांगितलेला नियम असतो. ती यादी हाती आल्याशिवाय आम्ही पहिल्या स्प्रिंटचं प्लॅनिंग लावत नाही.