आठ, चार, तीन, तीन, एक

वर्तमानपत्राच्या डेस्कवर प्रत्येकाच्या गळ्यात एकेक नावडतं काम पडलेलं असतं. कुणाकडे पंचांग, कुणाकडे धरणसाठा, माझ्याकडे ‘पक्षीय बलाबल’, म्हणजे कोणत्या पक्षाचे किती सदस्य. चार सभागृहांचे चार तक्ते. कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, कुणी उडी मारली की खाडाखोड करायची. त्यातही राज्यसभेचा तक्ता जिवावर येतो, कारण ते सभागृह कधी विसर्जितच होत नाही. लोकसभेचा कसा, पाच वर्षांनी पाटी कोरी होते. राज्यसभेत २४५ जागा, त्यातले २३३ निवडून आलेले, १२ राष्ट्रपतीनियुक्त, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश घरी जाणार. नियुक्त सदस्याने सहा महिन्यांच्या आत पक्षप्रवेश केला तर त्याला उचलून त्या पक्षाच्या रकान्यात टाकायचं. जम्मू-काश्मीरच्या चार जागा तर तिथे विधानसभाच नसल्यामुळे २०२२ साली रिकाम्या होत्या. बेरीज चुकली की सकाळी वाचकांचे फोन ठरलेले.

१० जून २०२२, शुक्रवार. महाराष्ट्रातल्या सहा जागांसाठी सात उमेदवार. भाजपचे पीयूष गोयल, अनिल बोंडे आणि धनंजय महाडिक, शिवसेनेचे संजय राऊत आणि संजय पवार, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी. लढत होती ती सहाव्या जागेसाठी, महाडिक आणि पवार या दोन कोल्हापूरकरांत. राज्यात राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान होत होतं ते तब्बल २४ वर्षांनी. १९९८ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले होते, तेवढंच डेस्कवरच्या जुन्या मंडळींच्या लक्षात होतं. आमच्यापैकी कुणीही ही मतमोजणी कधी पानावर लावलेली नव्हती. तरी मी सकाळीच ‘कोटा म्हणजे काय’ अशी चौकट करून ठेवली आणि तिथेच पहिली माती खाल्ली.

या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का नसतो, फुली नसते. नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. एका मताची किंमत १००. वैध मतांना १०० ने गुणायचं, जागा अधिक एक, म्हणजे इथे सात, याने भागायचं आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवायचा. मतदार म्हणजे विधानसभेचे आमदार, एकूण २८८, पण रमेश लटके यांच्या निधनामुळे २८७. भागून आले बरोबर ४१००, अधिक एक ४१०१, म्हणजे जिंकायला ४२ मतं. मी चौकटीत ठळक टाईपात ४२ घातले. पण कोठडीत असलेल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही. मतदार राहिले २८५. पुन्हा भागाकार केला, ४०७२. म्हणजे ४१. एका मताचा फरक, पण त्यावर सगळ्यांचा जीव टांगलेला. ‘अगं, ४२ चे ४१ कसे झाले ते वाचकाला कळलं पाहिजे,’ असं म्हणून सरांनी चौकट परत पाठवली. मी ती तीनदा लिहिली. (तिसऱ्यांदा लिहिलेलीही फारशी कुणाला कळली नसणार.)

पुण्याच्या डेस्कला दिवसभराची बातमी वेगळीच होती. कसब्याच्या मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप, दोघेही भाजपचे आमदार, दोघेही गंभीर आजारी, रुग्णवाहिकेतून मुंबईला मतदानाला गेले. व्हीलचेअरवरचे ते फोटो स्क्रीनवर आले तेव्हा एरवी कलकलाट करणारा डेस्क जरा वेळ गप्प झाला. भाजपचे आमदार १०६. तिसरा उमेदवार अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या भरवशावर उभा केलेला. एकेक मत मोजून आणायचं होतं, ते असं आणलं.

चार वाजता मतदान संपलं. पाचला मतमोजणी, सात-साडेसातला निकाल, नऊला पान सोडून घरी, असा माझा बेत होता. दोन्ही मथळे तयार होते, पवार जिंकले तर हा, महाडिक जिंकले तर तो.

पाच वाजता काहीच झालं नाही. सहा वाजता कळलं की हरकती घेतल्यात. राज्यसभेचं मतदान गुप्त नसतं. २००३ पासून पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका आपल्याच पक्षाच्या एजंटला दाखवायची, दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. भाजपची हरकत जितेंद्र आव्हाड, यशोमती ठाकूर आणि सुहास कांदे यांच्या मतांवर. महाविकास आघाडीची (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) सुधीर मुनगंटीवार आणि रवी राणा यांच्या मतांवर. प्रकरण दिल्लीला निवडणूक आयोगाकडे. हरियाणातही मोजणी अशीच अडकलेली. तिथे २०१६ साली चुकीच्या पेनामुळे डझनभर मतं बाद झाली होती, तो किस्सा मी उगाच सगळ्यांना ऐकवत होते. वेळ कसा काढणार?

नऊ, दहा, अकरा. डाक आवृत्तीला ‘निकाल रखडला’ असा मथळा लावून पान सोडलं. गावोगावच्या लोकांनी सकाळी शिळी बातमी वाचली, त्याला इलाज नव्हता. शहर आवृत्ती थांबवून धरली. छपाईखान्यातून दर पंधरा मिनिटांनी फोन, आणि प्रत्येक फोनला सर ‘आलंच’ म्हणत होते. बारा वाजून गेल्यावर विधानभवनातला आमचा बातमीदारही फोन उचलेनासा झाला. नंतर कळलं, त्याची बॅटरी गेली होती आणि तो कुणाच्या तरी ड्रायव्हरच्या चार्जरवर फोन लावून गाडीपाशी उभा होता.

मध्यरात्र उलटल्यावर आयोगाचा निर्णय आला. चित्रीकरण पाहून कांदे यांचं मत बाद, बाकी चार वैध. म्हणजे २८४. मी पुन्हा भागाकाराला बसले. २८४०० भागिले सात, ४०५७, अधिक एक ४०५८. कोटा दिवसात दुसऱ्यांदा बदलला. चौकट चौथ्यांदा.

मग पहिल्या पसंतीचे आकडे फुटले. गोयल ४८, बोंडे ४८, प्रतापगढी ४४, पटेल ४३, राऊत ४१, पवार ३३, महाडिक २७. मी बेरीज केली. २८४, चोख. आणि ओरडले, ‘सर, पवार पुढे, सहा मतांनी!’ पवारांच्या मथळ्याचं पान मी उघडलंसुद्धा होतं.

सर खुर्चीतून उठले नाहीत. ‘वरच्या दोघांना अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस का दिली असतील?’ एवढंच म्हणाले.

सकाळपासून मी तीनदा ती पद्धत लिहिली होती आणि आकडे समोर आल्यावर साधी बेरीज-वजाबाकी पाहत बसले. प्रूफच्या पाठीमागे पेन्सिलने मांडलं. गोयल यांचे ४८००, कोटा ४०५८, उरले ७४२. बोंडे यांचेही ७४२. या उरलेल्या किमती दुसऱ्या पसंतीकडे जातात. सगळ्यांनी दुसरी पसंती महाडिकांना दिली असेल तर २७०० मध्ये १४८४, झाले ४१८४. प्रत्येक मतपत्रिकेमागे अपूर्णांक सोडून देतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी, तरी कोट्याच्या वरच. आता पवार. प्रतापगढींचे ३४२, पटेलांचे २४२, राऊतांचे ४२. ३३०० अधिक ६२६. सगळंच्या सगळं पवारांना गेलं तरी ३९२६. पेन्सिलचं टोक तिथेच मोडलं. आघाडीच्या चौघांना पहिल्या पसंतीची मिळून १६१ मतं आणि भाजपच्या तिघांना १२३. पण वाटणी अशी केली होती की सहावी जागा पहिल्याच आकड्यांत ठरून गेली होती. मोजणाऱ्याला ते दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही, सरांना दिसलं.

पहाटे अधिकृत घोषणा झाली, महाडिक विजयी. हरियाणात अपक्ष कार्तिकेय शर्मांनी काँग्रेसच्या अजय माकन यांना हरवलं, एका पूर्ण मताहूनही कमी फरकाने. पान सोडलं तेव्हा बाहेर पेपर टाकणारी मुलं सायकली घेऊन गठ्ठ्यांची वाट बघत होती. त्यांची बोलणी आम्हीच खायला हवी होती, पण त्यांनी नुसतंच पाहिलं.

दुपारी झोपेतून उठून ऑफिसला आले. आता माझं नावडतं काम. महाराष्ट्राच्या १९ जागांची ओळ उघडली. निवृत्त होणारे सहा जण म्हणजे गोयल, विनय सहस्रबुद्धे, विकास महात्मे, चिदंबरम, पटेल, राऊत. पक्षाने पाहिलं तर भाजप तीन, काँग्रेस एक, राष्ट्रवादी एक, शिवसेना एक. निवडून आलेले सहा? भाजप तीन, काँग्रेस एक, राष्ट्रवादी एक, शिवसेना एक.

मी पुन्हा मोजलं. भाजप ८, राष्ट्रवादी ४, काँग्रेस ३, शिवसेना ३, रिपाइं (आठवले) १. आदल्या दिवशीचीच ओळ. रात्रभर ज्याच्यासाठी हॉटेलांत आमदार कोंडले, रुग्णवाहिका धावल्या, आयोगाने चित्रफिती पाहिल्या, त्या निकालाने माझ्या तक्त्यातला एक आकडाही हलला नव्हता. हलली ती फक्त तीन नावं. सरांनी विचारलं, ‘तक्ता झाला?’ म्हटलं, ‘नावं बदलली, आकडे तेच.’ ‘मग रविवारच्या पानात घेऊ नकोस, जागा नाहीये.’ इतकंच.

महिना संपण्याआधी एकनाथ शिंदे सुरतेला गेले होते आणि उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला होता. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. राज्यसभेतले राऊत, अनिल देसाई आणि प्रियांका चतुर्वेदी तिघेही ठाकरेंकडेच राहिलेले. त्या संध्याकाळी मी तक्ता उघडला, ‘शिवसेना ३’ पुसलं आणि ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) ३’ लिहिलं. नाव इतकं लांब की रकाना रुंद करावा लागला. त्यासाठी शेजारचा रिपाइंचा अरुंद करावा लागला.